दस्तगीरचाचांचा ताऱ्यावर संशय

आमच्या कडेगावचे दस्तगीरचाचा लोहार चहाचा कप आधी उजेडात धरत आणि मग माझ्या बायकोकडं रोखून बघत. "सूनबाई, ह्यात दूध घातलं न्हाई. नुसतं दावलंय." तरी ती बिचारी दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा देई.

वाणी कोळशात माती घालतो, रेडिओ बातम्यांत पाणी घालतो आणि आम्ही मास्तर पोरांच्या डोक्यात भुसा भरतो, असं त्यांचं ठाम मत. "रंग बगावा, गुर्जी. मानूस खोटं बोलतुया, रंग न्हाई."

त्यांना ते शोभायचंही. आसपासच्या गावांतले ऊसतोडीचे कोयते त्यांच्याकडं पाणी द्यायला येत. तापलं लोखंड नेमक्या कुठल्या रंगावर पाण्यात बुडवायचं, ते त्यांचा डोळा ठरवी. जरा चुकलं की कोयता उसाच्या पहिल्याच घावाला तुटायचा.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. एका हिवाळ्यात दिवेलागणीनंतर त्यांना मृगातला तांबडा तारा, काक्षी, दाखवला आणि ऐटीत म्हणालो, "चाचा, हा सूर्याच्या शेकडो पट मोठा. पण उष्णता साडेतीन हजार अंश, सूर्यापेक्षा कमीच!"

मला वाटलं, हरखून जातील. कसलं काय!

"कमीच आसनार. तांबडं लोखंड पांढऱ्यापरास गारच आसतंय. पर साडेतीन हजार मोजलं कुनी? वर जाऊन हात लावला?"

"रंगावरनंच काढतात, चाचा."

जन्मात पहिल्यांदा माझं त्यांना पटलं. "मंजी ती शास्त्रज्ञ मंडळी बी लोहारच की!"

तेव्हापासून तारा दिसायच्या दिवसांत चाचा रोज अंगणात. "येवढा थोरला गोळा आन् तांबड्यावरच अडलाय? कोळसा आपल्याच वाण्याचा दिसतुया."

पुढच्या हिवाळ्यात मात्र बिनसलं. कोयते पटापट तुटायला लागले, गिऱ्हाइकं दुसऱ्या लोहाराकडं वळली. चाचांनी कोळशावर संशय घेतला, मग लोखंडावर, मग विहिरीच्या पाण्यावर. एका संध्याकाळी तावातावानं माझ्या दारात हजर.

"गुर्जी, चला भाईर! त्यो तारा बी फिका पडलाय. खरं सांगा, इझतुया न्हवं?"

मी पाहिलं. काक्षी होता तसाच लालबुंद होता. मग कंदील वर करून चाचांचे डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्यांवर दुधासारखी साय. ज्याचं पोटच डोळ्यांवर, त्याला हे सांगायचं कसं? थाप मारावी असंही मनात आलं, पण ह्या माणसापुढं धीर होईना.

"चाचा, तारा आहे तसाच आहे. तुम्हाला मोतीबिंदू झालाय. मिरजेला जाऊन काढून आणू, मी येतो बरोबर."

आता मिरजेच्या डॉक्टरांची खैर नाही, म्हटलं. तर चाचा मटकन पायरीवर बसले आणि चक्क हसले.

"तसाच हाय न्हवं? मग झ्याक झालं! आठ दिस जेवन गोड लागलं न्हाई बगा. मला वाटलं, त्येचा बी भाता वडनारं कोन ऱ्हायलं न्हाई."

त्यांचा भाता तीस वर्षं चाचीनं ओढला होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मी त्यांच्याशी जगभरच्या गप्पा मारल्या, पण चाचीचं एकदाही विचारलं नव्हतं.