पुठ्ठ्याचा राउटर

"अगं, लोकांच्या स्वयंपाकघरात चमच्यापासून फ्रिजपर्यंत सगळ्यांना मी जागा काढून देतो. एवढ्याशा राउटरला जागा देता येणार नाही मला?"

इंचकाका असं म्हणाले, तेव्हा घरातले सगळे आपापल्या कामाला लागले. काही बोललं की काका खिशातून मापाचा टेप काढतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

इंचकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. काका एका कंपनीत स्वयंपाकघरं आखून द्यायचे, आणि तिथे एक नियम होता: आधी पुठ्ठा, मग लाकूड! म्हणजे कपाट बनवण्याआधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं सोंग गिऱ्हाइकाच्या घरी उभं करायचं. दार कुठे अडतंय, कोपर कुठे आपटतंय, डोकं कुठे फुटतंय, ते चार दिवस बघायचं. मगच लाकडाला करवत लावायची. पद्धत नामी होती, यात वादच नाही. फक्त ती कंपनीतच ठेवायला हवी होती.

आता राउटर हवा होता तो काकूंना. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा काकूंनी शाळेतली गणिताची नोकरी सोडली होती. गुडघा बरा झाला. सासूबाई आता जिने चढत होत्या, उतरत होत्या. नोकरी मात्र काही परत आली नाही. आणि आता एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी काकूंना शनिवारी सकाळी नमुन्याचा तास घ्यायला सांगितलं होतं. तास आवडला तर नोकरी पक्की! पण घरात मोबाइलवर फोन लागायचे तेवढेच; नेटला रेंज म्हणाल, तर बाल्कनीच्या कोपऱ्यात, तीही कठड्याबाहेर हात काढला तर.

"मला हे हवंय हो," काकू म्हणाल्या. "खूप हवंय. परत शिकवायला मिळेल असं वाटलंच नव्हतं मला. शनिवारी नेट पाहिजे म्हणजे पाहिजे!"

"शनिवारी काय घेऊन बसलीस! राउटर बसवणारा माणूस शुक्रवारी येतोय. डबा नुसता बसणार नाही, शोभून बसणार!"

झालं. त्याच संध्याकाळी बुटांच्या खोक्याचं झाकण पांढरं रंगवून काकांनी राउटर तयार केला. अँटेना म्हणून आजींच्या, म्हणजे काकूंच्या सासूबाईंच्या, विणायच्या सुया खोचल्या. वायर म्हणून पायजम्याची पांढरी नाडी खिडकीपासून भिंतीवरून ओढून आणली. दिवा रात्री कुणाच्या डोळ्यांवर येतो का हे बघायचं म्हणून जुन्या खेळण्यातले दोन हिरवे दिवे बसवले आणि मागे सेल लावला. दिवे लागले. वस्तू इतकी हुबेहूब उतरली, की काकांनी स्वतःच लांब जाऊन दोनदा पाहिली.

मग राउटर घरभर हिंडू लागला. टीव्हीच्या वर लावला, तर बाहेरच्या खोलीत झोपणाऱ्या आजी म्हणाल्या, "अरे, कुणीतरी रात्रभर टक लावून बघतंय असं वाटतं!" म्हणून आजींची कॉट हलवली. पॅसेजमध्ये लावला, तर काकूंच्या खांद्याला सुई टोचली. पुन्हा बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी लावला, मग कॉट पुन्हा हलली. कॉटबरोबर आजी हलल्या, आजींबरोबर त्यांची औषधं, पाण्याचा तांब्या, चष्मा आणि रेडिओ. शेवटी पुस्तकांच्या कपाटावरची जागा पक्की ठरली, तेव्हा आजींनी निर्वाणीचं सांगितलं, "हा डबा आता इथून हलला ना, तर मी घर सोडून जाईन!"

डबा पुठ्ठ्याचा आहे, हे आजींना कुणी सांगितलं नव्हतं. आजींनी विचारलंही नव्हतं. मुलगा इतका जीव टाकतोय म्हणजे डबा खराच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

मधल्या काळात काका शेजारच्या वहिनींचा राउटर पाहून आले. तो चपलांच्या कपाटावर होता. "वहिनी, ही काय जागा झाली? कुणी सांगितलं तुम्हाला?" काकांनी विचारलं. "बसवणाऱ्यानं," वहिनी म्हणाल्या. "तरीच!" म्हणाले काका, आणि भिंतीला टेप लावून जागा कशी चुकली ते त्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून जिन्यात काका दिसले की वहिनींना काहीतरी घरी विसरल्याचं आठवायचं.

शुक्रवार उजाडला. काकांनी रजा घेतली होती. पण ऐन वेळी त्यांच्या लक्षात आलं, की राउटर तिरपा बसू नये म्हणून लागणारी लेव्हल कंपनीतच राहिलीय!

"अहो, तो आला म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"आत्ता जातो, आत्ता येतो. तू तयारी कर. जागेवर खूण आहेच."

काका गेले. काकू आतल्या खोलीचं दार लावून कपाटाला वर्गसमीकरणं शिकवायला लागल्या. आणि नेमकी बेल वाजली.

दारात फायबरवाला. पाठीला पिशवी, खांद्यावर शिडी, तीन जिने चढून दमलेला.

"आजी, नेटचा डबा बसवायला आलोय."

"बसवायला? बसवलाय की! तो काय!"

फायबरवाल्यानं दारातूनच मान लांब केली. कपाटावर पांढरा डबा, दोन अँटेना, हिरवे दिवे, खिडकीपर्यंत गेलेली वायर. "आजी, हा कुणी बसवला?"

"माझ्या मुलानं. सगळं घर उलटंपालटं करून बसवलाय. आणि हे बघ, त्याला हात लावायचा नाही! माझी कॉट किती वेळा हलली, तुला काय माहीत?"

"म्हणजे आमचाच दुसरा माणूस येऊन गेला वाटतं," फायबरवाला म्हणाला. तीन जिने चढून आलेल्या माणसाला काम झालेलं दिसलं, की तो फार खोलात जात नाही. त्यानं उंबऱ्यातूनच डब्याचा फोटो काढला आणि काकांना फोन लावला.

"सर, तुमच्या घरून बोलतोय. ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

काका कंपनीच्या दारात होते. "आलात का? वा! जागा तीच ना, पुस्तकांच्या कपाटावर?"

"तिथेच आहे सर."

"सरळ आहे?"

"एकदम सरळ!"

"दिवे?"

"दोन्ही हिरवे!"

काकांचा ऊर भरून आला. लेव्हलसुद्धा लागली नाही! त्यांनी मोठ्या आनंदानं ओटीपी दिला. परत येताना मिठाईसुद्धा घेतली.

घरी येऊन पाहतात, तर कपाटावर सुया!

"आई, माणूस आला होता ना?"

"आला, बघितलं, फोटो काढला, गेला. चांगला होता बिचारा. काही वादच घातला नाही."

काकांनी मिठाई टेबलावर ठेवली आणि नेटवाल्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, तुमचं काम पूर्ण झालेलं दिसतंय. फोटोही आहे."

"अहो, तो डबा पुठ्ठ्याचा आहे!"

"सर, डबा एकदा बंद करून पुन्हा चालू कराल का?"

आणि सांगायला संकोच वाटतो, पण काकांनी खरंच मागचा सेल काढून पुन्हा घातला!

"आता दिवे कोणत्या रंगाचे दिसतायत, सर?"

"हिरवे. पण ते मीच लावलेत!"

"हिरवे म्हणजे लाइन चालू आहे, सर."

"अहो बाई, त्याच्या अँटेना म्हणजे माझ्या आईच्या विणायच्या सुया आहेत!"

पलीकडचा आवाज जरा कमी गोड झाला. "सर, कंपनीच्या वस्तूत तुम्ही परस्पर बदल केलेत का? मग आमचा मूळ डबा कुठे आहे?"

पुढचा तासभर काका एकाच गोष्टीचा पुरावा देत होते, की जी वस्तू त्यांना मिळालीच नाही ती त्यांनी पळवलेली नाही. साहेबांना फोन, साहेबांच्या साहेबांना फोन. सरतेशेवटी निकाल लागला: चौकशी होईल, माणूस पुढच्या आठवड्यात येईल.

काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. "एक गोष्ट मागितली होती हो मी," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. काकांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी खिशातला टेप काढून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

सकाळी उठून काकांनी बाल्कनीत जाऊन पाहिलं. कठड्याबाहेर हात काढून तास काही घेता येणार नव्हता. एकच उपाय उरला होता, आणि तो भिंतीपलीकडे राहत होता. अडला हरी, गाढवाचे पाय धरी असं म्हणावं, तर इथे गाढव कोण हा प्रश्नच नव्हता. काकांनी शेजारची बेल वाजवली.

"वहिनी, थोडं काम होतं. तासाभरासाठी तुमचं नेट..."

"आमचं?" वहिनींनी दार अर्धंच उघडलं होतं. "अहो, पण आमच्या राउटरची जागा चुकलीय ना!"

"नाही, नाही. जागा उत्तम आहे."

"चपलांच्या कपाटावर?"

"तिथेच हवा वहिनी. मी असतो तर तिथेच बसवला असता!"

दार पूर्ण उघडलं. काकू लॅपटॉप घेऊन आत गेल्या आणि काका बाहेर जिन्यात बसले. थोड्या वेळानं दारापलीकडून काकूंचा आवाज आला. आधी जरा कापरा, मग ठणठणीत. "घाबरायचं नाही! गणित आपल्याला खात नाही!" मग कुणीतरी शंका विचारली असावी, कारण काकू खळखळून हसल्या. हे हसणं काकांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ते जिन्यात बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले.

नोकरी मिळाली!

पुढच्या आठवड्यात फायबरवाला खरा डबा घेऊन आला. वायर दारामागच्या विजेच्या मीटरपर्यंतच पुरत होती. म्हणून त्यानं डबा तिथेच ठोकला, आणि चहा निवायच्या आत नेट घरभर पोचलं. आजी कॉटवर, काका ओट्याशी, काकू आतल्या खोलीत, सगळीकडे सारखं! काका इतके खूश झाले, की त्यांनी कंपनीत जाऊन परस्पर एक गोष्ट ठरवून टाकली.

"तुझ्यासाठी गंमत आहे!" रविवारी त्यांनी जाहीर केलं. "साहेबांनी परवानगी दिली. उद्यापासून मीही घरूनच काम करणार! तू त्या टोकाला शिकव, मी या टोकाला आखतो. मध्येच तुला काही सुचवायचं असेल तर मी आहेच!"

काकूंनी फक्त "हो का?" म्हटलं.

सोमवारी सकाळी काका टेबलाची जागा मोजत होते. वर पाहिलं तर काकू साडी नेसून, लॅपटॉप पिशवीत घालून, पायात चपला सरकवत होत्या.

"अगं, निघालीस कुठे? आता आपल्याकडे नेट आलंय!"

"नेट आलं, पण त्यापाठोपाठ तुम्हीही आलात ना!" काकू म्हणाल्या. "मी वहिनींशी बोललेय. दुपारपर्यंत त्यांची खोली मोकळीच असते. आईंना थोड्या वेळानं चहा लागेल, त्यानंतर गोळी. आणि जेवणाआधी गुडघ्याला शेक. तुम्ही आता घरीच आहात, म्हणून निर्धास्त चाललेय!"

दार लागलं. काका हातातल्या टेपकडे बघत उभे राहिले, तोच आजींची हाक आली, "अरे, चहा टाकलास का?"