सात वेळा परत पाठवलेली कादंबरी

किशन सोनकांबळे टीव्हीवरच्या जाहिरातींमध्ये कादंबरी लिहायचा, हे मी आजवर शंभर जणांना तरी सांगितलं असेल. त्या कादंबरीत माझा काय हात होता, हे मात्र दहा वर्षं टाळत आलो. लातुरात कोणी विषय काढलाच तर मी नळाला पाणी किती दिवसांनी येतं त्यावर यायचो. लातुरात तो विषय कधीही चालतो. पण आता अडुसष्टावं लागलंय, टाळायलाही दम लागतो. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

आम्ही दोघं नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात होतो. कुठलं खातं ते सांगत नाही. सांगितलं तरी ते नेमकं काय करायचं हे तुम्हाला कळणार नाही. एकतीस वर्षं काढून मलाही पुरतं कळलेलं नाही. मी अधीक्षक, सोनकांबळे आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक टाकायचा, कागद पुढं सरकवायचा. जाणाऱ्या कागदाचंही तेच, फक्त शिक्का वेगळा. मुखेडकडचा उंच, सावळा माणूस. खिशात दोन पेनं. निळं सरकारचं, काळं स्वतःचं. सरकारी शाईनं कादंबरीचं एक अक्षरही लिहायचं नाही असा त्याचा नेम होता. "शाई सरकारची, डोस्कं आपलं. मिसळायचं न्हाई," म्हणायचा.

संध्याकाळी सात ते साडेआठ तो थोरल्या बहिणीबरोबर तीन मालिका बघायचा. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मुखेडच्या बसस्टँडवर भजी तळून तिनं ह्याला शिकवलं. ह्यानंही लग्न केलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या, एक टीव्ही आणि ही दोघं. मालिका सुरू झाली की वही बंद, जाहिराती लागल्या की वही उघडी. एका खेपेला सहा ओळी बसतात, असं त्यानं मला सांगितलं होतं. सणासुदीला जाहिराती वाढायच्या. "दिवाळीत दोन प्रकरणं उरकली साहेब," तो शिक्का मारता मारता म्हणायचा. क्रिकेटच्या दिवसांत वाक्यं तुटक व्हायची. एका षटकानंतर माणूस लिहून लिहून किती लिहिणार.

मालिकांची त्यानं वेगळी नोंदवही ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत ती मला दाखवायचा. 'थोरल्या सुनेची स्मृती गेली: चार महिने प्रलंबित.' 'वकिलाने पाकीट उघडले नाही: सात आठवडे.' 'जुळ्या भावाचा शोध: कार्यवाही नाही.'

"आपल्या हापिसात बी इतकं तुंबत न्हाई साहेब," तो म्हणायचा. "आन् ह्या लोकायला नोकऱ्या न्हाईत का? गोष्टीत सकाळचे दहा वाजले तरी सगळे घरात. ह्यांना सोडायलंय कोण?"

म्हणून त्याच्या कादंबरीत कोणीही विनापरवानगी गैरहजर राहत नसे. नायक नायिकेला घेऊन देगलूरला पळून जातो, पण जायच्या आधी दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज टाकतो. कारण: घरगुती काम.

"खोटं न्हाई साहेब. लग्न म्हंजे घरगुतीच की."

मालिकांवर खरी वैतागली होती ती आक्का. एका मालिकेत तीन वर्षं एकच लग्न मोडत होतं. शेवटी ती म्हणाली, "किशन्या, ह्याला शेवट हाय का न्हाई? मरायच्या आधी एक तरी गोष्ट पुरी झालेली ऐकू दे की मला." तिला वाचता येत नव्हतं. किशन म्हणाला, मी लिहितो आणि तुला वाचून दाखवतो. आक्कानं अट घातली: "अर्धीकच्ची सांगायची न्हाई. पक्की झाली की पहिल्यापासून सांग."

हे सगळं त्यानं मला सांगितलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका सकाळी माझ्या टेबलावर दोन फायलींच्या मध्ये तिसरी निघाली. लाल फीत, वर टिप्पणीचा कागद. विषय: कादंबरी. पृष्ठे: एकशे चाळीस. खाली, 'मा. साहेबांच्या अवलोकनार्थ सविनय सादर.'

मी त्याला बोलावलं. "अरे, हे माझ्याकडं कशाला?"

"पक्की झाली का न्हाई, हे मी कसं ठरवू साहेब? लिवणाऱ्यानंच मंजूर करायचं, असं कुठं असतंय का? तुम्ही वाचा. तुमची सही झाली की आक्काला सांगतो."

फाईल मी घरी नेली. आमच्या घरीही टीव्ही होता आणि माझ्या हातात वही नव्हती. तीन आठवडे फाईल टीव्हीच्या कपाटावर पडून राहिली. आज वाचू, उद्या वाचू. मग सोनकांबळे रोज दारातून डोकावायला लागला, तेव्हा मी टिप्पणीवर एक वाक्य लिहिलं आणि खाली सही ठोकली. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.'

हे वाक्य मला माझ्या साहेबांनी शिकवलं होतं. फाईल न वाचता परत पाठवायला याच्याइतकं चांगलं वाक्य सरकारात नाही. प्रत्येक फायलीत काही ना काही त्रुटी असतेच, त्यामुळे ते कधी चुकत नाही.

सोनकांबळेनं ते उभ्यानंच वाचलं. त्याचा चेहरा उजळला. "लई बारीक वाचलंत साहेब," म्हणाला आणि त्रुटी शोधायला गेला.

आठ महिन्यांनी फाईल पुन्हा आली. सोबत पूर्तता अहवाल. 'नायिकेचे वडील एकाच दिवशी उदगीर व नांदेड येथे हजर होते. दुरुस्त केले.' मी अहवाल वाचला, कादंबरी तशीच ठेवली आणि तेच वाक्य लिहिलं. असं सात वेळा झालं. 'खलनायक विनाकारण वाईट होता. त्यास कारण देण्यात आले आहे.' 'नायक वारंवार रडत होता. दोनदाच ठेवले.' 'पाऊस फार पडत होता, आपल्याकडे एवढा पडत नाही. निम्मा केला.' हे अहवाल मी घरी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही पोट धरून हसायचो. एकदा ती हसता हसता थांबली. "अहो, पण तुम्ही ती वाचलीत का?"

"बघितली वरवर," मी म्हणालो. वरवरही बघितली नव्हती.

का वाचली नाही? आळस, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं कारण त्याहून वाईट आहे. आवक-जावकचा कारकून, त्यात मुखेडच्या वस्तीतला, तो कसली कादंबरी लिहिणार, हे माझ्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. मुरुडच्या आमच्या घरात ते न शिकवताच येत होतं.

आठव्या खेपेला फाईल आली तेव्हा माझ्या निवृत्तीचा दिवस होता. टेबल मोकळं करायचं होतं. दुपारपर्यंत मी जे समोर येईल त्यावर 'मंजूर' लिहीत गेलो. त्यात कादंबरीही मंजूर झाली. पाच वर्षं लागली होती. सोनकांबळेनं सगळ्या कार्यालयाला पेढे वाटले. माझ्या निरोपाचे पेढे लोकांनी आधीच खाल्ले होते, तरी हेही खाल्ले.

पुढं त्याची लातूरला बदली झाली, मीही मुलाकडे लातुरातच आलो. छापून हातात आल्याशिवाय पक्कं म्हणायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. छापखान्यानं मजकूर तपासायला पाठवला की हा त्यावर माझंच वाक्य लिहून परत पाठवायचा. ते वाक्य मूळचं कोणाचं हे कळल्यापासून छापखान्याचा मालक माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी तीन वर्षांपूर्वी पुस्तक निघालं. प्रकाशनाला प्रमुख पाहुणा मी. व्यासपीठावर पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर: 'आक्कास. आणि ज्यांनी सात वेळा परत पाठवली, त्या साहेबांस.'

मी उभा राहिलो. इतकी वर्षं मला हीच धास्ती होती की एक दिवस कोणीतरी मला या पुस्तकाबद्दल बोलायला सांगेल. मी म्हणालो, "या कादंबरीबद्दल एवढंच सांगतो, की आता हिच्यात एकही त्रुटी नाही." दोन मिनिटं टाळ्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वाचायला घेतली. बायकोनं दोनदा भात गरम केला. संध्याकाळी चारला संपली. रजेच्या अर्जाच्या प्रकरणात मी इतका हसलो की नातू बघायला आला. शेवटच्या प्रकरणात नायिका बसस्टँडवर भज्यांचं दुकान उघडते आणि पहिला घाणा कोणालाही न विकता स्वतः खाते. तिथं मी चष्मा काढून ठेवला. कादंबरी चांगली होती. ती पहिल्यांदा आली तेव्हाही चांगलीच असणार, आणि माझ्या टेबलावरून एका आठवड्यात आक्काकडे जाऊ शकली असती.

त्यानंतर माझी उगाच ख्याती झाली. दोन निवृत्त मास्तर आणि एक दातांचे डॉक्टर आपापली हस्तलिखितं घेऊन आले. मी परत पाठवली की त्यांना बरं वाटतं. आता मी प्रत्येक ओळ वाचतो, पण हे कोणाला सांगून उपयोग काय.

गेल्या महिन्यात कळलं की आक्कांना ऐकू येत नाही. गेली काही वर्षं कमी होत होतं, आता जवळपास गेलंच. मी कबुलीचं एक वाक्य पाठ केलं आणि संध्याकाळी किशनरावांच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर ते माझ्या तोंडी किशनराव झाले.

टीव्ही चालू होता, आवाज बंद. आक्का खाटेवर बसून बघत होत्या. कानाचं यंत्र डबीत होतं. "शिट्टी मारतंय ते," त्या म्हणाल्या. जाहिराती लागल्या तसे किशनराव उठले, आक्कांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून वाचायला लागले. एकेक शब्द गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. बाहेर पायऱ्यांवर बायका मेथी निवडत बसल्या होत्या. एका रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. शेजारच्या घरातून एक बाई म्हणाली, "भाऊ, ते परत म्हणा, भांडं पडलं माझं." किशनरावांनी परत म्हटलं. रोजचं असावं ते. गल्लीतल्या सगळ्यांना पात्रं नावानिशी माहीत होती.

मी ऐकत होतो आणि माझ्या काहीतरी लक्षात यायला लागलं. नायिकेची नणंद निलंग्याला शिवणक्लास काढत होती. पुस्तकात शिवणक्लास नाही. मी एव्हाना पुस्तक चार वेळा वाचलं होतं. त्यात नायिकेला नणंदच नाही. मी नीट बघितलं. किशनरावांच्या हातात पुस्तक नव्हतं, वही होती. काळ्या शाईनं लिहिलेली.

मालिका सुरू झाल्यावर ते चहा टाकायला आत गेले. मी मागोमाग गेलो. "किशनराव, हे पुस्तकात नाही."

ते हसले. "मला म्हाईत होतं तुम्ही वळखणार. दुसऱ्या कुणाला कळलं न्हाई. तुम्ही सात वेळा वाचलेला माणूस, तुमच्यापासून काय लपणार."

त्यांनी चहात साखर टाकली आणि गरज नसताना आवाज खाली आणला. "पुस्तकातलं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. दीड वर्ष झालं. आक्का म्हणती, शेवट ऐकला की मी जायला मोकळी. म्हणून मधी मधी घालून राहिलो. शिवणक्लास झाला, आता कुणाची तरी बदली टाकतो." ते चहा ढवळत राहिले. "ती गेल्यावर टीव्ही कुणासंगं बघू साहेब?"

घरून पाठ करून नेलेलं वाक्य एवढंच होतं: किशनराव, मी तुमची कादंबरी एकदाही वाचली नव्हती. पुढं माफ करा, एवढे दोन शब्द. मी पहिल्याच वेळी वाचली असती तर आक्कांनी ती नांदेडच्या खोलीत, साध्या आवाजात, आपल्या कानांनी ऐकली असती. हे सगळं मला सांगायचं होतं. त्यांनी चहा कपांत ओतला आणि चांगला कप माझ्यापुढं केला.

बाहेर आलो तर आक्कांनी माझा हात धरला. "साहेब, तुम्ही वाचलीय म्हणं. शेवट चांगला हाय का?"

पायऱ्यांवरच्या बायकांचे हात मेथीवरच थांबले. किशनराव माझ्याकडे बघत होते. मी वाकलो आणि आक्कांच्या कानात ओरडलो, "लई चांगला हाय, आक्का."

"मग येऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या.

किशनराव मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. मी शेवट फोडला नाही म्हणून त्यांनी माझे आभार मानले. मग म्हणाले, "तुम्ही इतक्या बारकाईनं वाचली नसती साहेब, तर माझ्या हातून काही झालं नसतं."

मी थांबलो. "किशनराव," मी म्हणालो. ते ऐकायला जरा वाकले. रोज बहिणीशी बोलून तशी सवय लागली असेल.

"किशनराव, येतो," मी म्हणालो आणि रिक्षात बसलो.