शेजारच्या सीटचा ब्रेक

तोंडात कापूस, एक नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं असताना माणूस 'हो' म्हणतोय की 'नाही', हे ओळखायला दातांच्या डॉक्टरांना कुठेच शिकवत नाहीत. त्यामुळे "मग रविवारी येताय ना मास्तर? नवशिक्यांच्या शर्यतीत तुमचं नाव घालतो," असं डॉक्टरांनी म्हणायला आणि सुई अक्कलदाढेच्या मुळाशी पोचायला एकच गाठ पडली. मास्तरांच्या घशातून "आँऽ" असा आवाज निघाला. डॉक्टरांनी तो होकार धरला आणि नर्सने लगेच नाव लिहून घेतलं.

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. 'सत्तावीस वर्षांत एकही अपघात नाही' अशी त्यांच्या दारावर पाटी होती, आणि तिच्यातला आकडा ते दर वर्षी न चुकता रंगवून घेत. डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी. भर चौकात तिसऱ्यांदा गाडी बंद पाडल्यावर मास्तरांनी त्यांना "डॉक्टर, तुम्ही आपले दातच काढा" असं सांगितलं होतं. डॉक्टर ते विसरले नव्हते. दात काढता काढता त्यांनी शर्यतीची सगळी माहितीही सांगितली होती, पण बधिर जबड्याच्या माणसाला कानही बधिर झाल्यासारखे वाटतात. मास्तरांना ऐकू आले ते तीनच शब्द: टूरिंग कार, हॉल आणि कार्पेट.

टूरिंग म्हणजे प्रवासी गाडी, हे उघड होतं. कार्पेट म्हणजे दाराशी पायघड्या. यावरून हा आपला सत्कारच आहे, आणि शर्यत म्हणजे तिथे आपल्याला गाडी चालवून दाखवायची आहे, असा मास्तरांनी निष्कर्ष काढला.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी जाहीर केलं, "हविवाही हर्यत आहे. काहपेतवर."

"कार्पेट?" बायको म्हणाली. "आत्ता कशाला कार्पेट? पडदे आधी बदलायचेत ना?"

"हर्यत! हर्यत!"

"शर्यत म्हणतायत गं," सासूबाई पलीकडून म्हणाल्या. "रविवारी शर्यत आहे. कार्पेटवर."

सासूबाईंनी तीस वर्षं बालवाडी शिकवली होती. समोरचे दोन दात पडलेल्या पोरांचं बोलणं समजून घेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या, आणि येताना सासऱ्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. म्हणजे कोणीतरी ती ओढून आणली. तेव्हापासून ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. सासूबाईंना ती चालवायला शिकायची होती. दर रविवारी त्या ताडपत्री उचलून काच पुसत आणि थोडा वेळ आत बसून येत.

मास्तरांनी त्यांना शिकवून पाहिलं होतं. तीन दिवस. "डावीकडे" म्हटलं की सासूबाई उजवीकडे वळत आणि "उजवीकडे" म्हटलं की डावीकडे, तेही क्षणाचा विचार न करता. चौथ्या दिवशी मास्तरांनी किल्ली खिशात घातली आणि "आई, तुम्हाला डावं-उजवंच कळत नाही, तुम्ही जन्मात गाडी चालवणार नाही" असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या दिवशी सासूबाई कमी जेवल्या. आता सोमवारी एक गॅरेजवाला ती गाडी विकत घ्यायला म्हणून बघायला येणार होता.

"जावईबापू," सासूबाई पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाल्या, "तुम्ही रविवारी कुठेही न धडकता शर्यत पुरी केलीत, तर मी गाडीचं नाव काढणार नाही. खुशाल विका. पण धडकलात, तर गॅरेजवाल्याला परत पाठवायचं आणि माझी शिकवणी पुन्हा सुरू."

मास्तरांना हसू आलं. ते निम्म्याच ओठांनी हसले.

"हंजूर," ते म्हणाले. सासूबाईंना ते 'मंजूर' असं स्वच्छ ऐकू आलं.

रविवारी मास्तरांनी स्कूलची गाडी धुऊन पुसून लखलखीत केली, स्वतः कोट चढवला आणि बायको-सासूबाईंना मागे बसवून ते हॉलवर पोचले. डॉक्टर दारातच होते.

"या, या! गाडी आणलीत? मी माझी जुनी देणार होतो तुम्हाला."

"आणली तर! बाहेर उभी आहे," मास्तर म्हणाले.

"बाहेर कशाला? आत आणा की. टेबलावर ठेवा."

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "टेबलावर?"

"हो, सगळ्यांच्या टेबलावरच आहेत. चाकं काढायला सोपं जातं."

"डॉक्टर, ती दारातून आत येणार नाही."

"का? किती मोठी आहे?"

"चार दारांची."

"दारं काय, चितारलेली आहेत ना?"

"उघडतात!"

"अरे वा," डॉक्टर भारावून म्हणाले. "उघडणारी दारं आमच्यात कोणाकडेच नाहीत!"

हा घोळ आणखी वाढला असता, पण तेवढ्यात मास्तरांची नजर आत गेली. बॅडमिंटनच्या हॉलभर राखाडी कार्पेट अंथरलं होतं. त्यावर वीतभर उंचीच्या फळ्या मांडून नागमोडी रस्ता आखला होता, आणि त्या रस्त्यावरून हातभर लांबीच्या गाड्या माश्यांसारख्या गुणगुणत धावत होत्या. भिंतीलगतच्या टेबलांवर चांगली पोक्त माणसं छोट्या छोट्या चाकांना ब्रशने कसलंसं पाणी लावत होती. पलीकडे लाकडी मचाण होतं आणि त्यावर आठ माणसं हातात रिमोट घेऊन ओळीने उभी होती.

"ही... खेळणी आहेत?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"हॉलमध्ये तो शब्द काढू नका," डॉक्टर त्याहून हळू म्हणाले. "मारतील."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सत्कार नव्हता हे खरं, पण खऱ्या गाडीवर सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला ही हातभर गाडी म्हणजे डाव्या हातचा मळ. डॉक्टरांनी आपली जुनी गाडी त्यांच्या हातात ठेवली. तिचा रंग हुबेहूब हिरड्यांसारखा गुलाबी होता.

"वेग निम्मा करून ठेवलाय," डॉक्टर म्हणाले. "रिमोटचा हा घोडा ओढला की पुढे, ढकलला की ब्रेक. हे छोटं चाक म्हणजे स्टिअरिंग. पाच मिनिटांची शर्यत. गाडी उलटली तर खाली उभी असलेली माणसं सरळ करून देतात. काही अडचण?"

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "मी कोण आहे विसरलात का?"

"नाही ना विसरलो," डॉक्टर म्हणाले.

मचाणावर मास्तर मधोमध उभे राहिले. त्यांच्या एका बाजूला नळ दुरुस्त करणारा होता, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. बायको आणि सासूबाई मागे बाकावर बसल्या. भोंगा वाजला. गुलाबी गाडी सरळ रस्त्यावरून दूर निघाली, आणि पहिल्या वळणावर मास्तरांनी चाक डावीकडे फिरवलं तशी ती शहाण्यासारखी डावीकडे वळली. मास्तरांनी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. तिथेच चुकलं.

कारण वळण संपलं होतं आणि गाडी आता तोंड करून त्यांच्याकडेच येत होती. समोर उजव्या हाताला रस्ता होता. मास्तरांनी चाक उजवीकडे फिरवलं आणि गाडी डावीकडच्या फळीवर जाऊन आपटली.

"बिघडलीय!" मास्तर ओरडले.

"नाही, समोरून येताना उलटं होतं," नळवाला म्हणाला. "तुमचं उजवं ते तिचं डावं."

"असं कसं? उजवं ते उजवंच!"

खालच्या माणसाने गाडी सरळ केली. मास्तरांनी पुन्हा उजवीकडे फिरवलं, जास्त जोर लावून. गाडी पुन्हा त्याच फळीवर, जास्त जोरात. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुद्दाम उलटं फिरवलं, पण तोवर खालच्या माणसाने गाडी पाठमोरी ठेवली होती. ती दुसऱ्या फळीवर गेली.

आणि मग मास्तरांचा पाय जागा झाला. सत्तावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, विद्यार्थी चुकला रे चुकला की जादा ब्रेक दाबणारा तो उजवा पाय. गाडी फळीकडे निघाली की मास्तर मचाणावर धाडकन पाय दाबत. गाडी थांबत नसे. मचाण हलत असे.

पहिल्या धक्क्याला नळवाल्याचा अंगठा सटकला आणि त्याची गाडी उताणी झाली. दुसऱ्या धक्क्याला डॉक्टरांची पहिल्या नंबरवर असलेली गाडी कोपरा सोडून तिच्यावर चढली. तिसऱ्याला त्या दोन्ही गाड्यांवर आणखी तीन येऊन आदळल्या.

"पाय! मास्तर, पाय!" सगळं मचाण ओरडलं.

"दाबतोच आहे!" मास्तर ओरडले आणि आणखी जोरात दाबू लागले.

त्यांच्या कपाळावर घाम आला. खाली सहा गाड्यांचा ढीग, त्यात मधोमध गुलाबी, आणि डावं कुठलं, उजवं कुठलं, हे आता त्यांना हाताकडे बघूनही सांगता येईना. इतकं गोंधळलेलं त्यांना उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. विद्यार्थ्यांना असंच वाटत असणार, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"द्या इकडे," मागून आवाज आला. सासूबाई मचाणावर चढल्या होत्या.

"आई, तुम्हाला डावं-उजवं..."

"द्या म्हणते ना. आणि हाताची घडी, तोंडावर बोट."

मास्तरांनी रिमोट दिला आणि खरोखरच हाताची घडी घातली.

सासूबाईंनी घोडा ओढला. "पाठ," त्या पुटपुटल्या आणि गाडी दूर गेली. वळण आलं. "तोंड," त्या म्हणाल्या आणि समोरून येणारी गाडी बरोब्बर रस्त्याने वळली. पाठ. तोंड. तोंड. पाठ. वेग बेताचा होता, पण गाडी एकाही फळीला शिवत नव्हती. बाकीचे ढिगातून बाहेर पडून पुन्हा धावू लागले, तरी सासूबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत त्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या होत्या.

"हे कसं जमलं तुम्हाला?" मास्तरांनी तोंडावरचं बोट काढून विचारलं.

"त्यात काय? तीस वर्षं पोरं माझ्याकडे तोंड करून उभी असायची. 'उजवा हात वर' म्हणायचं आणि आपण डावा वर करायचा, म्हणजे त्यांना बघून बरोब्बर करता येतं. पोरं रांगेत पुढे चालली की पाठ माझ्याकडे, तेव्हा सरळ." सासूबाईंनी रिमोट परत दिला. "अजूनही कोणी 'उजवा' म्हटलं की माझा डावा हात हलतो. तुम्ही तीन दिवस नुसते ओरडत होतात. का चुकतंय, ते एकदा तरी विचारलंत का?"

तेवढ्यात डॉक्टर निकालाचा कागद घेऊन आले. कागदावर मास्तरांचंच नाव होतं, आठांत सातवं. खाली शेरा होता: 'सर्वाधिक प्रगती. पहिली तीन मिनिटं शून्य फेऱ्या, नंतरची दोन मिनिटं नऊ.' मग मोठ्या आदराने दात काढत डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही आपलं शिकवतच राहा."

सोमवारी सकाळी ताडपत्री निघाली. सासऱ्यांच्या गाडीत नवी बॅटरी बसवली. सासूबाई चालवायला बसल्या, मास्तर शेजारी. रात्रभर विचार करून त्यांनी एक नामी युक्ती काढली होती. फाटकाबाहेर डावीकडे वळायचं होतं, डावीकडचा रस्ता मोकळा होता. म्हणून मास्तर मोठ्याने म्हणाले, "उजवीकडे!"

सासूबाईंनी सरळ उजवीकडे वळवली. उजवीकडे, फाटकाला लागून, गाडी बघायला आलेला गॅरेजवाला उभा होता. मास्तरांनी जिवाच्या आकांताने पाय दाबला. सासऱ्यांच्या गाडीत शेजारच्या सीटला ब्रेक नव्हता.

गाडी गॅरेजवाल्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर हळूच थांबली.

"आई! मला डावीकडे हवं होतं!"

"मग उजवीकडे का म्हणालात?"

"मला वाटलं, तुम्ही उलटं धरणार..."

"उलटं कशाला धरीन?" सासूबाई म्हणाल्या. "आता पक्कं लक्षात ठेवलंय, इथे आपल्या दोघांची तोंडं एकाच बाजूला आहेत."

गॅरेजवाला खिडकीशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "गाडी... विकायची होती ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "चालवायची आहे." आणि मग मास्तरांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटून त्या म्हणाल्या, "पाय उचला जावईबापू. ब्रेक माझ्याकडे आहे."