पद्मावहिनींची भिंत

काशीत ढुंढिराज हे गणपतीचं नाव. तेच मला ठेवलं, त्यामुळे शोधून काढणं माझ्या कुंडलीतच आलं. रेल्वेत असताना हरवलेल्या छत्रीचा मालक मी नुसत्या वासावरून सांगायचो. मालकांना ते पटत नसे, तो त्यांचा दोष.

रामघाटावरच्या माझ्या मित्राने, बिंदुमाधवाने, मला बोलावलं. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडा, असा त्याच्या बायकोचा, पद्मावहिनींचा हट्ट. पण छताचा भार त्या भिंतीवरच असला तर? वरच्या खोलीत त्याची आई, कालिंदीकाकू राहतात. भिंतीमागोमाग काकूही बैठकीत यायच्या.

स्वयंपाकघर सोवळ्याचं, मी ओवळा. म्हणून तपास बैठकीतूनच सुरू केला. वर बघावं तर प्लायवूडचं खोटं छत. मी भिंतीवर काठीने दोनदा ठोकलं. दाराआडून दोन कप चहा आला.

"आमची पद्धत आहे," बिंदुमाधव म्हणाला. "जितक्या टकटकी तितके कप."

"म्हणजे आवाज आरपार जातो. भिंत पोकळ, भार नाही." मग जरा खाली तीनदा ठोकलं. "छे, भरीव आहे. भार आहे." तीन कप आले.

शेवटी बिंदुमाधवाला वर उड्या मारायला पाठवलं. "कोण रे तो मेला नाचतोय?" काकू ओरडल्या. माझ्या टकलावर धूळ पडली.

"सिद्ध झालं," मी म्हणालो. "भिंतीला हात लावायचा नाही."

वहिनी ट्रे घेऊन दारातच थांबल्या. "इतकी वर्षं तुम्ही इकडे हसता आणि मी तिकडे नुसतं ऐकते. फार एकटं वाटतं हो, भाऊजी." मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "आणि भार कसला? माझ्या बाजूने बघा. भिंत वर तुळईला टेकतच नाही. त्या फटीतून रोज मांजर दुधावर येते."

मी बिंदुमाधवाकडे पाहिलं. "तू कधी बघितलं नाहीस?"

"मी कशाला आत जातोय? माझं ताटही बाहेरच येतं."

"सोवळं माझं आहे, ते मी वर नेते," जिन्यावरून काकू म्हणाल्या. "पाडा ती एकदाची."

लगेच मिस्त्रीला बोलावलं. त्याने फटीकडे एकदा पाहिलं, "ई त परदा हौ, बाबू," म्हणजे हा तर नुसता पडदा, असं म्हणाला आणि घण उचलला.

संध्याकाळी बिंदुमाधवाने सवयीने हात उचलला. ठोकायला काही नव्हतं. समोर वहिनी पाटावर बसून निवांत त्याच्याकडे बघत होत्या.

"चहा?" तो म्हणाला.

"करा की. मीही घेईन. काही सापडलं नाही तर भाऊजी आहेतच."

पातेलं मी लगेच शोधलं. साखरेचा तपास अजून चालू आहे.