मालतीबाईंचा गृहपाठ

बसथांब्यावर मालतीबाई दिसल्या की जर्मन माणसं उठून त्यांना जागा देतात. वय चौसष्ट हे एक कारण. खरं कारण बाईंची मान. कानांवर आमटीच्या वाट्यांएवढे हेडफोन आणि मान सारखी पुढेमागे. लोकांना वाटतं, बाईंना कंप सुटलाय. बाई शांतपणे सांगतात, "आजार नाही. गृहपाठ."

मी फ्रँकफर्टला मुलाकडे राहतो. कऱ्हाडात चाळीस वर्षं माझं केशकर्तनालय होतं. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची मी सोडली, मला कुणी काढलं नाही. मालतीबाई आमच्या खालच्या मजल्यावर. मूळच्या साताऱ्याच्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या, निवृत्त झाल्या आणि विद्यापीठात नाव घातलं. विषय काय, तर अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, नाच, कपडे, केस.

मी म्हणालो, असली पदवी नसते. त्यांनी शिक्क्याचा कागद आणून दाखवला. मी म्हणालो, शिक्का खोटा असेल. त्यावर आमचं बोलणं बंद. म्हणजे माझं. बाई जिन्यात भेटल्या की मला शिकवतच होत्या.

त्यांचा आवडता शब्द 'गेनाऊ'. म्हणजे अगदी बरोबर. एवढं म्हणून झालं की समोरच्याचं कसं चुकलं ते सांगायला लागतात. घरी तबकडी लावली की कुणी बोलायचं नाही. सूनबाई एकदा लाडू द्यायला गेली, ती तबकडीच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत डबा धरून उभी होती.

मग शेवटचा प्रबंध आला, न्हाव्याच्या दुकानावर. बाई वही घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही माझे तज्ज्ञ."

आता या शब्दावर अबोला किती टिकणार?

त्या काळ्या लोकांत म्हणे केस वाढलेले नसले तरी माणसं दुकानात येऊन बसतात. राजकारण, टवाळी, सोयरिकी, सगळं तिथंच. मी म्हणालो, हे तर माझं दुकान झालं, त्यासाठी अमेरिका कशाला? "गेनाऊ," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझं काही चुकलं नाही. प्रबंधात तळटीप म्हणून असते. तिथं पुस्तकाचं नाव आणि साल लागतं. पुस्तक नव्हतं. मी म्हणालो, माझं जन्मसाल घाला आणि दुकानाचा पत्ता. घातला. कऱ्हाडात ज्याच्याकडे म्हणून फोन आहे त्याला मी हे कळवलं आहे.

त्याच बैठकीत त्यांनी विचारलं, दाट कुरळ्या केसांचा गुंता कसा सोडवायचा? मी सांगितलं, आधी केस ओले करायचे. रुंद दातांचा कंगवा. टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे यायचं. कोरड्या केसांत मुळाशी फणी खुपसून ओढणारा न्हावी नव्हे, खाटीक.

बाईंचं पेन थांबलं.

"अण्णा, मग मी खाटीक."

बाईंचे यजमान इथल्या अमेरिकन लष्कराच्या छावणीतले काळे शिपाई. आता हयात नाहीत. मुलाचं नाव आनंद, केस बापाचे. बाई दर रविवारी त्याला गुडघ्यांत दाबून धरायच्या, खोबरेल थापायच्या आणि उवांची फणी थेट मुळाशी. त्यांच्या आईनं त्यांचं तसंच केलेलं. पोर रडायचं, बाई म्हणायच्या, हलू नकोस. बाराव्या वर्षी त्यानं न्हाणीघराची कडी लावून घेतली. मग खोलीची. आत गाणी, बाहेर बाई, आवाज कमी कर म्हणून दार ठोठावत. आता तो अमेरिकेत असतो. वाढदिवसाला फोन करतो. गृहपाठातली गाणी ती तीच.

"त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा ना, अण्णा," बाई म्हणाल्या.

वसंतात तो सहा वर्षांनी दोन दिवसांसाठी येणार होता. बाईंनी रुंद दातांचा कंगवा आणला. सरावासाठी फाशिंग या इथल्या सोंगांच्या सणाच्या दुकानातून कुरळा टोपही आणला. रंग हिरवा; दुसरा शिल्लक नव्हता. महिनाभर तो आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. मी शिकवायला कडक. ओढ बसली की बोटावर चापट. बाई पहिल्या नंबरानं पास झाल्या.

आनंद आला त्या दिवशी मी टोप परत द्यायच्या निमित्तानं खाली गेलो. उंच, दांडगा गडी. मला नमस्कार करायला त्यानं टोपी काढली.

डोकं गुळगुळीत. एक केस नाही. वस्तरा स्वतःच फिरवलेला, डाव्या कानामागं थोडं कापलेलं; मला दिसतंच. बाईंनी डोक्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कंगव्याकडे. माझ्या हातात तो हिरवा टोप. तो कुठं लपवावा ते मला कळेना.

आनंदनं कंगवा उचलून काहीतरी विचारलं. जर्मन मला येत नाही, पण कंगवा हातात धरून माणूस काय विचारतो ते कळतं. बाई बराच वेळ सांगत होत्या. मध्ये एकदा माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात एकही 'गेनाऊ' नव्हता.

तो बाईंच्या खुर्चीसमोर खाली जमिनीवर बसला, त्यांच्याकडे पाठ करून. बाईंनी खोबरेल तळहातावर घेतलं, चोळून कोमट केलं आणि त्या गुळगुळीत डोक्यावर हात असा अलगद टेकवला, की जणू तिथं मोठा गुंता आहे.

"दुखलं तर सांग," त्या मराठीत म्हणाल्या.

मी टोप घेऊन बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.