नथूनानांचा खुराक

नथूनानांनी माझं नाव विचारण्याआधी माझे दात पाहिले होते.

जळगावात तेव्हा नुकतंच कॉलेज निघालं होतं. शिरपूरकडच्या एका खेड्यातून मी तिथे शिकायला आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. जिनिंग फॅक्टरीमागच्या ओळीत एक खोली भाड्याने मिळाली होती. पहिल्याच सकाळी मी कच्च्या रस्त्यावर पळून आलो आणि दारात ओणवा होऊन धापा टाकत होतो. तोच शेजारच्या खोलीतून एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा बाहेर आला. त्याने माझी हनुवटी धरली, अंगठ्याने ओठ वर केला, आत पाहिलं. मग खाली बसून घोटा दाबला, मांडीवर एक थाप मारली.

"दात चांगला शेतस," तो म्हणाला. "मांडी कच्ची शे. कोना पोऱ्या शेस तू?"

हे नथूनाना. जिनमध्ये राखणदार होते. पण ती त्यांची नोकरी झाली. त्यांचा खरा व्यवसाय कधीच संपला होता आणि त्यांच्या लेखी तोच अजून चालू होता. दोंडाईच्याकडे त्यांची शर्यतीच्या बैलांची जोडी होती. दहा गावांत त्या जोडीचं नाव होतं, असं ते सांगत. त्यातल्या डावीकडच्या बैलाचं नाव पाखऱ्या. उजवीकडच्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. नाना फक्त पाखऱ्याबद्दलच बोलत.

मी शंभर यार्ड पळायचो. आमचे खेळाचे प्रोफेसर चांगले होते, पण त्यांचं म्हणणं एकच: अजून पळा. सकाळी पळा, संध्याकाळी पळा. पाय दुखले तर दुखरे पाय पळवा. मधल्या वेळात आम्हाला खानावळीत रेशनच्या ज्वारीची भाकरी आणि ताटाचा तळ दिसेल अशी डाळ मिळायची. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. मी दर आठवड्याला जास्त पळत होतो आणि दर आठवड्याला हळू पळत होतो. यात काही चुकतंय असं मला वाटायचं, पण प्रोफेसरांना कसं विचारायचं ते कळत नव्हतं.

नानांना विचारावं लागलं नाही. "पयनाराले झोप पाहिजे," ते म्हणाले, "नही पयनाराले तालीम."

तालीम न पळणाऱ्याने करावी, पळणाऱ्याने झोपावं, हे त्यांचं मत. आणि त्या दिवसापासून त्यांनी मला ताब्यात घेतलं.

पळून आलं की लगेच बसायचं नाही, हा पहिला नियम. बैलाला शर्यतीनंतर हळूहळू फिरवतात, तसं मला फिरवलं जाई. पहिल्या दिवशी मी पळून जाईन की काय अशी शंका त्यांना आली असावी, कारण त्यांनी आपलं उपरणं माझ्या गळ्यात टाकलं आणि दोन्ही टोकं हातात धरून मला जिनच्या भिंतीकडेने नेलं. समोरून आमचे लॉजिकचे प्रोफेसर सायकलवरून येत होते. ते उतरले. त्यांनी आधी नानांकडे पाहिलं, मग उपरण्याकडे.

"काय चाललंय हे?"

"आंग थंडं व्हऊ दे त्यानं," नाना म्हणाले, "मंग बोला."

त्या आठवड्यात सगळं कॉलेज मला पाखऱ्या म्हणू लागलं. काही जण अजूनही म्हणतात.

फिरवून झालं की कोमट पाण्याने पाय शेकायचे, मग तिळाच्या तेलाची मालिश. नानांची बोटं पोटरीत शिरली की मी ओरडायचो. "पाखऱ्या कधी वरडना नही," ते म्हणत. मालिशीनंतर अंधार. त्यांनी माझ्या खिडकीला गोणपाट लावलं, दाराला दुसरं लावलं, आणि आत मला आडवं केलं. दुपारी गोणपाट लावलेलं घर पाहून समोरच्या काकूंनी मला देवी आल्या असं ठरवलं. त्यांनी दारात कडुलिंबाचा डहाळा खोचला, लांबूनच हात जोडले आणि आपल्या मुलांना आठ दिवस आमच्या बाजूला फिरकू दिलं नाही. नाना खूश झाले. "बरं व्हयनं," म्हणाले, "गडबड कमी."

त्या अंधारात मी एकदा खिडकीची फट उघडून पुस्तक वाचत होतो. त्यांनी पुस्तक काढून घेतलं.

"नाना, परवा परीक्षा आहे."

"डोया बी पयतस," ते म्हणाले. "त्यास्ले बी बसू दे. पाखऱ्यानं कधी पुस्तक वाचं का?"

याला काय उत्तर द्यावं ते लॉजिकच्या पुस्तकातही नव्हतं.

आता खुराक. सरकी रात्रभर भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळून तिचं दूध काढायचं, त्यात गूळ. भिजवलेले हरभरे. उडदाचे लाडू. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्यावर तूप ओघळेपर्यंत. आणि म्हशीच्या दुधात फोडलेली दोन अंडी, जी मी डोळे मिटून गिळत असे. हे सगळं ते स्वतः करत. बायको फार लवकर गेली होती, स्वयंपाकाचा हात त्यांना होता. मी खात असताना ते समोर उकिडवे बसत आणि माझ्या जबड्याकडे पाहत राहत. ते स्वतः काय खात हे मी पुष्कळ दिवस पाहिलंच नाही. एकदा दिसलं: ठेचा आणि कालची भाकरी.

एका वर्गमित्राने मला ताकदीचं औषध म्हणून माशाच्या तेलाची बाटली दिली होती. नानांनी बूच काढून वास घेतला, तोंड फिरवलं आणि ते तेल जिनच्या फाटकाच्या बिजागरीत ओतलं. फाटक पुढे वर्षभर कुरकुरलं नाही. तेवढा गुण त्या औषधाचा मान्य करायला हवा.

हसू येण्यासारखं असलं तरी एक गोष्ट खरी होती. माझे पाय परत आले. प्रोफेसरांची संध्याकाळची तालीम मी चुकवू लागलो, शिव्या खाल्ल्या, आणि तरी सगळ्यांत पुढे येऊ लागलो.

नानांना एक मुलगा होता, भिला. तो धुळ्याच्या गिरणीत होता. तो वडिलांकडे येत नसे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नाना खापरावर मांडे करत, आंब्याचा रस काढत, धुळ्याकडे जाणाऱ्या कोणाजवळ तरी निरोप देत, आणि संध्याकाळपर्यंत दाराशी बसत. मग ते मांडे ओळीतल्या पोरांत वाटले जात. "मिलले सुट्टी नही," ते सांगत. सणाला गिरणी बंद असते हे ओळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याने आपल्या घरी एकदा बसून जेवावं, एवढंच या म्हाताऱ्याला हवं होतं, हे कळायला फार शहाणपण लागत नव्हतं. तो का येत नाही ते मात्र मला कळत नव्हतं. म्हातारा तऱ्हेवाईक, मुलगा तापट, असंच काही असेल असं मी धरून चाललो.

पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही खानदेशांतल्या मुलांचे सामने धुळ्याला ठरले आणि माझी निवड झाली. नाना म्हणाले, मी येतो. सामन्याआधीचे दोन दिवस त्यांनी मला अंथरुणातून उठू दिलं नाही. बाकीची मुलं मैदानावर घाम गाळत होती आणि मी गोणपाटाच्या अंधारात छताकडे बघत पडलो होतो.

चाळीसगावला गाडी बदलली तेव्हा मला भूक लागली. नानांजवळ दोन डबे होते. मी मोठ्याकडे हात नेला.

"तो तुना नही," ते म्हणाले आणि लहान डबा पुढे केला. मोठ्यात तुपातल्या दशम्या आणि लाडू होते, वास येत होता. तो त्यांनी धुळ्यापर्यंत मांडीवर धरला.

धर्मशाळेत उतरल्यावर ते मला म्हणाले, "मिलवर जाय. भिलाले सांग, मी येल शे. सकाय मैदानवर ये म्हनावं. तू शिकेल पोऱ्या शेस, तुनं ऐकी तो."

गिरणीचा भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडली. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. भिलाभाऊ मला लगेच ओळखू आला: तीच उंची, तेच खांदे, फक्त त्या खांद्यांवर मांस नव्हतं. मी निरोप सांगितला. त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"तूच का तो पळणारा? काय खाऊ घालतो तुला म्हातारा?"

मी सांगू लागलो. सरकीचं दूध म्हणताच तो पुढचं स्वतःच म्हणू लागला. हरभरे, उडदाचे लाडू, अंडी, आणि नंतर अंधार.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच घालायचो की बैलांना. भिजवायचं मी, वाटायचं मी." तो हसला. "शर्यतीची छकडी कोण हाकत होतं, सांगितलं का त्याने?"

नाही, सांगितलं नव्हतं.

"मी हाकत होतो. हाकणारा हलका लागतो, नाही तर जोडी मागे पडते. म्हणून शर्यतीचे दिवस आले की मला पेज. मी अंगाने मोठा, काय करणार? वाढीचं वय. एकदा बैलांच्या टोपल्यातला लाडू तोंडात टाकला, तर त्याने बोट घालून बाहेर काढला. मारलं नाही हं. मारायचा नाही तो. नुसता काढला आणि पाखऱ्याला दिला."

तो गप्पा मारल्यासारखा बोलत होता.

"शेवटची शर्यत. मला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी अर्ध्यातच पडलो. जोडी एकटीच पळत गेली. पहिली आली! हलकी झाली होती ना. गाव नाचत होतं. म्हातारा झूल घेऊन बैलांकडे धावला, फिरवायला लागला. त्यांचं अंग तापलं होतं." त्याने भुवईवरचा कापूस पुसला. "मी उठलो, धूळ झटकली आणि तसाच दोंडाईच्याच्या स्टेशनवर चालत गेलो. संध्याकाळपर्यंत त्याला कळलंही नसेल."

"उद्या येणार ना?" मी विचारलं.

"सुट्टी आहे. बघू."

धर्मशाळेत नानांनी विचारलं, "काय म्हने?" मी म्हटलं, "बघू म्हणाले." "कसा दिसस?" मी म्हटलं, "उंच आहेत." सकाळी त्यांनी दुधात अंडी फोडून पेला पुढे केला. मला ती पेज आठवली. पण मला भूक होती, आणि पळायचं होतं. मी प्यालो.

मैदान पांझरेपलीकडे, देवपुरात होतं. पहिली फेरी मी सहज जिंकली. शेवटच्या फेरीपर्यंत नानांनी मला निंबाखाली निजवलं आणि अंगावर घोंगडी टाकली. पोरं जमून हसू लागली. "मेला का रे?" कोणी तरी विचारलं. एरवी नानांनी त्याला उभं केलं नसतं. त्या दिवशी त्यांचं लक्षच नव्हतं. ते नदीकडच्या रस्त्याकडे पाहत होते.

शेवटच्या फेरीत मी दुसरा आलो. पहिला आला त्या मुलाची त्या दिवशी एकादशी होती, सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हे नानांना सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. सांगितलं भिलाभाऊने. तो केव्हा येऊन उभा राहिला होता ते आम्हाला कळलं नव्हतं.

"उपाशी पोराने हरवलं की तुमच्या बैलाला," तो म्हणाला.

नाना उठले. त्यांचा हात सवयीने त्याच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. दात पाहिले नाहीत, दंड दाबला नाही. हात तसाच अधांतरी राहिला.

"वाळना रे तू."

"मी हलकाच बरा, नाना."

नाना खाली बसले, मोठा डबा उघडला, दशम्या केळीच्या पानावर काढल्या, त्यांवर लाडू ठेवला आणि ते पान पुढे करून बसले. भिलाभाऊ उभाच होता. लोक पांगत होते. म्हाताऱ्याने पान खाली ठेवलं नाही.

"मी जेवून आलोय," भिलाभाऊ शेवटी म्हणाला. मग थोडं थांबून, "झाका ते. डबा द्या. घरी बघतो."

नानांनी एकेक दशमी परत आत ठेवली. भिलाभाऊने डबा बगलेत धरला, माझ्या पाठीवर थाप मारली, "बरा पळतोस," म्हणाला आणि पुलाकडे गेला. वळून पाहिलं नाही. नाना तो दिसेनासा होईपर्यंत उभे होते.

परतीच्या गाडीत त्यांनी मला निजायला सांगितलं नाही. पाय चोळले नाहीत. माझ्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या, पण ते त्यांच्या लक्षात आणून द्यावंसं वाटलं नाही. ते रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसले होते. भिला ते खाईल का, फेकेल का, की कोणाला देऊन टाकेल, हेच त्यांच्या मनात असेल असं मला वाटत होतं.

चाळीसगाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "मी जास्ती भरं."

"काय, नाना?"

"डबामा. जास्ती भराई गयं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्याले इतलं खावानी सवय नही."