चंद्रभानची घोरपड

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात चंद्रभाननं ठरवलं, यंदाही सात्या एकट्यानं जाऊन गुपचूप आणायच्या. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली छत्री, अळंबीच ती. वर्षातून दोन दिवस दिसते, आणि तिच्या भाजीपुढं मटण झक मारतं! गिरडच्या रानातलं एक वारूळ त्याच्या बापानं, लक्ष्मणरावानं, मरताना त्याच्या कानात सांगितलं होतं. (वावर दोघा भावांत वाटलं, वारूळ मात्र एकट्या चंद्रभानचं.) काय दिवस होते ते! माणूस जीव देईल, पण सात्याची जागा सांगणार नाही.

तर सात्यांचं गठुडं काखेत मारून गडी परत निघाला, आणि वाटेत फॉरेस्ट गार्ड रूपराव उभा. रानातली जनावरं मारायला बंदी करणारा नवा कायदा आल्यापासून त्याला जो तो घोरपडीचा चोर दिसे.

"गठुड्यात काय हाय?"

"काई नाई."

"घोरपड हाय का बे?"

चंद्रभान पेचात पडला. सात्या म्हणावं तर हा जागा विचारणार, आणि बापाची शेवटची ठेव जाणार.

"हो साहेब," तो म्हणाला, "घोरपडच हाय."

(असा कबुलीजबाब रूपरावानं उभ्या नोकरीत ऐकला नव्हता.) वरात थेट चावडीवर. घोरपड पाहायला सारा गाव लोटला, त्यात चंद्रभानची बायको कोकिळाही होती. रूपरावानं गाठ सोडली आणि पांढऱ्याशुभ्र सात्या ओट्यावर घरंगळल्या.

"काऊन खोटं बोलला बे?"

"घोरपड म्हटलं तं तुमी मले नेता, सात्या म्हटलं तं जागा नेता! अन् साहेब, घोरपड बारा महिने दिसते, सात्या दोन दिस. कायदा कोणासाठी पाह्यजे होता?"

"सात्या तोडली तं पुढच्या साली उगवते लेका. घोरपड मारली का गेली. राह्यल्याच किती आता?"

चंद्रभानला ते पटलं. पण आता सारा गाव जागा हुडकणार, बापाचा शब्द आपल्या हातून गेला, या दुःखानं त्याचे डोळे भरून आले. कोकिळाला ते बघवेना.

"अवो, पळसाखालचंच वारूळ न? मामाजीनं साऱ्या गावाच्या कानात सांगतलं होतं, 'एकट्या तुलेच सांगतो' म्हणून. लोकं पहाटेच तोडून आणतात. तुमचं मन मोडू नये म्हून चार ठेवतात."

"चार कायच्या? आज तं गठुडंभर होत्या!"

कोकिळा पदराआड हसली. "यंदा काल पहाटेच लोकायनं साऱ्या तोडल्या, कोणी ठेवल्याच नाई, बाप्पा. म्या काल समुद्रपूरच्या बाजारातून इकत आणल्या, अन् आज पहाटे जाऊन वारुळावर खोचल्या."